आवाज बंद करून द्या

गॅरेजवाल्याला मी काय सांगितलं होतं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "भाऊ, ब्रेक मारला की चिरका आवाज येतो. ईदला गावाला जायचंय. तेवढा आवाज बंद करून द्या."

त्यानं आवाज बंद करून दिला. साडेतीनशे रुपये घेतले आणि तासाभरात गाडी हातात दिली. मी जे मागितलं तेच त्यानं केलं. पुढे जे झालं त्यात चूक कोणाची, यावर मी नंतर बराच विचार केला. दर वेळी माझ्या या एका वाक्यापाशीच येऊन थांबलो.

ही गोष्ट २०२२च्या पावसाळ्याची. आम्ही दिव्याला पूर्वेला राहतो. माझी रोजची नोकरी लोकलवरच चालते, त्यामुळे गाडीची हौस मला कधी नव्हती. पण अम्मीचे गुडघे गेले आणि दिवा स्टेशनचा जिना, तिथली गर्दी, डब्यात शिरताना होणारी रेटारेटी हे सगळं तिच्या आवाक्याबाहेर गेलं. लॉकडाऊननंतर एक लहानशी सेकंडहँड गाडी घेतली ती अम्मीसाठी. तिला डॉक्टरकडे न्यायचं, कौशाला खालाकडे सोडायचं, आणि वर्षातून दोन-तीनदा खेड तालुक्यातल्या आमच्या गावी जायचं, एवढंच गाडीचं काम.

पहिला पाऊस पडला आणि गाडी सकाळी सकाळी ओरडायला लागली. सोसायटीच्या गेटपाशी पहिला ब्रेक मारला की खर्रर्र. दुसऱ्या-तिसऱ्या ब्रेकला आवाज कमी, आणि दिवा-शीळ रस्त्याला लागेपर्यंत गायब. मी शेजारच्या रिक्षावाल्या चाचांना विचारलं. ते म्हणाले, "पावसाळ्यात गंजाचा आवाज येतो. घाबरू नको."

ते बरोबर होतं. पुढच्या चाकांना जी लोखंडी थाळी असते, जिला आपण डिस्क म्हणतो, ती बिडाची असते आणि तिच्यावर रंग नसतो. रात्रभर ओलाव्यात गाडी उभी राहिली की तिच्यावर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी ब्रेकचे पॅड तो थर खरवडून काढतात, त्याचा तो आवाज. दोन-चार ब्रेक मारले की थाळी पुन्हा चकचकीत. यात बिघाड काही नाही.

माझी पंचाईत इथेच झाली. एक आवाज निरुपद्रवी आहे हे कळलं, आणि मी सगळेच आवाज त्याच खात्यात टाकायला लागलो. जूनच्या शेवटी दुसरा आवाज सुरू झाला. बारीक, उंच, शिट्टीसारखा. हा सकाळपुरता नव्हता. दुपारीही यायचा, गाडी गरम झाल्यावरही यायचा, आणि कधी कधी ब्रेकवर पाय नसतानाही अगदी हलका ऐकू यायचा. फाटकापाशी गाड्या इंच इंच पुढे सरकतात, तिथे तर दर ब्रेकला चीं. बाजूचे बाइकवाले वळून बघायचे. माझा धाकटा मागच्या सीटवर बसून त्या आवाजाची नक्कल करायचा आणि त्याची बहीण खिदळायची.

मला त्या आवाजाची भीती वाटली नाही, लाज वाटली. हे आज लिहितानाही बरं वाटत नाही, पण खरं आहे. दिव्यात आवाजाची काय कमी? मेन लाइनच्या लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या, वसईकडे वळणाऱ्या मालगाड्यांचा करकराट. आम्ही या सगळ्यात गाढ झोपतो. पण आपली स्वतःची गाडी चारचौघांत ओरडते याचा संकोच वाटतो. शिवाय बकरी ईद तोंडावर होती. कुर्बानीच्या हिश्श्याचे पैसे द्यायचे होते, मुलांचे कपडे होते, गावाला न्यायचं सामान होतं. ब्रेकचं काम निघालं तर किती निघेल याचा अंदाज मला होता, आणि तो अंदाज मला ऐकायचा नव्हता. म्हणून मी गॅरेजवाल्याला "बघा काय झालंय" असं म्हटलं नाही. "आवाज बंद करून द्या" म्हटलं.

त्या वर्षी बकरी ईद १० जुलैला, रविवारी होती. आम्ही शनिवारी दुपारी निघालो. शीळफाटा, तळोजा, कळंबोली, पनवेल, आणि मग मुंबई-गोवा रस्ता. त्या आठवड्यात कोकणात पाऊस कोसळत होता. गाडीचा आवाज खरंच गेला होता. मी दोनदा बायकोला म्हटलं, "बघ, साडेतीनशेत काम झालं." डॅशबोर्डवर आधी अधूनमधून ब्रेकचा लाल दिवा लुकलुकायचा, तोही आता लागत नव्हता. त्यानं ब्रेक ऑइलही भरून दिलं होतं. मला वाटलं, पोरगा कामाचा निघाला.

पोलादपूर गेलं आणि कशेडी घाट लागला. बोगदा तेव्हा सुरू झालेला नव्हता, जुन्या वळणांनीच जायचं. चढ संपला, अम्मीनं तिच्या सवयीप्रमाणे दुआ पुटपुटली आणि आम्ही खेडच्या बाजूला उतरायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या वळणाला पुढून एक आवाज आला. शिट्टी नव्हती. खालच्या पट्टीतला, जाड, दातांवर येणारा. ब्रेक दाबला की यायचा, सोडला की जायचा. पेडलमधून तो तळपायालाही जाणवत होता.

मी काही बोललो नाही. बायको काचेतून धुकं बघत होती. अम्मी म्हणाली, "खवणीवर करवंटी घासल्यासारखं काय वाजतंय? खोबरं संपल्यावर वाजतं तसं."

मी म्हटलं, "पावसाचं आहे अम्मी. गंज असतो."

ती म्हणाली, "गंज दिव्यातच उतरला असता. इथवर आला असता का?"

माझे अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांची सगळी नोकरी कोकणातल्या घाटांत गेली. अम्मी कधी स्टिअरिंगला बसली नाही, पण त्यांच्याबरोबर तीसेक वर्षं राहिली होती. ती एवढंच म्हणाली, "तुझे अब्बा म्हणायचे, ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. तू कितव्यात आहेस?"

मी चौथ्यात होतो. तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन घोंघावलं आणि गाडीनं स्वतःच आपला वेग धरून ठेवला. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवला तर पॅड आणि थाळी तापत जातात. फार तापले की पॅडची पकड सुटते, आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल पोकळ होऊन खाली जातं. खालच्या गिअरात उतरलं की हे काम इंजिन करतं आणि ब्रेक वळणापुरता शिल्लक राहतो. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. मी पार्किंगचे दिवे लावून, डाव्या कडेनं, माणसाच्या धावण्याच्या वेगानं खाली आलो. पाठीचा घाम सीटला चिकटला होता. मागे दोन्ही मुलं एकमेकांच्या अंगावर झोपली होती.

घाट उतरल्यावर पहिलं गॅरेज दिसलं तिथे थांबलो. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. मिस्त्री पन्नाशीचा, कपाळाला बुक्का. मी म्हटलं, "मिस्त्री, ब्रेकला आवाज येतोय."

त्यानं पाना हातात घेतला नाही. आधी विचारलं, "कधीपासून? आज सुरू झाला का आधी वेगळा येत होता?" मग, "थंड गाडीला येतो की गरम?" "दाबल्यावर येतो की सोडल्यावरही राहतो?" "चाकाच्या फेऱ्याबरोबर थांबून थांबून येतो की सलग?" "पेडल थरथरतं का?" "गाडी एका बाजूला ओढते का?" मी उत्तरं देत गेलो आणि माझ्याच लक्षात आलं की यातलं बरंचसं मला माहीत होतं. महिनाभर मी ते रोज ऐकत होतो. कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं.

मग तो स्वतः गाडीत बसला. समोरच्या मोकळ्या जागेत अगदी सावकाश गाडी नेली आणि पायाचा ब्रेक न दाबता नुसता हँडब्रेक हळूच ओढला. आवाज नाही. आमच्या गाडीसारख्या बहुतेक लहान गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. तो ओढून आवाज आला असता तर दोष मागच्या ड्रममध्ये. आला नाही, म्हणजे पुढे. दहा सेकंदांची परीक्षा, आणि निम्मी गाडी संशयातून मोकळी झाली.

डावं चाक काढलं. बाहेरचा पॅड ठीकठाक दिसत होता. तो म्हणाला, "भाई, सगळे हाच बघतात. चाकाच्या फटीतून हाच दिसतो." मग कॅलिपर सोडवून आतला पॅड काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्यावर घासायचा मसाला उरलाच नव्हता. नुसती लोखंडाची पाटी. लोखंडावर लोखंड घासत होतं, आणि थाळीच्या आतल्या बाजूला बोटाला लागतील अशा खाचा पडल्या होत्या. अम्मीचं बरोबर होतं. खोबरं संपलं होतं, करवंटी वाजत होती.

आतलाच पॅड का संपला, तेही त्यानं दाखवलं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यातल्या एका पिनचं रबर फाटलं होतं. आत चिखलाचं पाणी शिरून पिन गंजून अडकली होती. मग दाब दोन्ही पॅडना सारखा मिळत नाही. आतला पॅड सुटतच नाही, चालत्या गाडीतही थाळीला घासत राहतो. आमच्याकडे पावसाळ्यात रस्त्यावर किती पाणी साचतं ते दिव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. ती पिन वेळेवर साफ करून ग्रीस लावलं असतं, तर पॅड आणखी बरेच दिवस गेले असते.

मग त्यानं पॅडच्या कडेला असलेली एक छोटी पोलादी पट्टी दाखवली. करंगळीच्या नखाएवढी. ती बाहेरच्या बाजूला दुमडलेली होती आणि तिच्यावर पकडीचे दात उमटले होते.

"ही कोणी वाकवली?"

मला उत्तर माहीत होतं. ती पट्टी म्हणजे पॅडचा पहारेकरी. नव्या पॅडवर साधारण दहा मिलिमीटर मसाला असतो. तो झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला की ही पट्टी थाळीला टेकते आणि शिट्टी वाजवायला लागते. बनवणाऱ्यांनी ती मुद्दामच अशी बसवलेली असते, ऐकणाऱ्याला त्रास व्हावा म्हणून. शिट्टीचा अर्थ एवढाच, की अजून वेळ आहे, पण आता पॅड बदला. माझ्या साडेतीनशे रुपयांत तिला पकडीनं वाकवून गप्प करण्यात आलं होतं. पॅडवर थोडा पॉलिश पेपरही मारला होता, म्हणजे उरलासुरला आवाजही जावा.

आणखी एक गोष्ट निघाली. नवा पॅड बसवायला जागा करायची म्हणून त्यानं पिस्टन आत ढकलला, तर बॉनेटखालच्या डबीतून ब्रेक ऑइल बाहेर सांडलं. तो हसला. "वरपर्यंत भरलंय कोणीतरी." पॅड झिजले की पिस्टन पुढे येतो, त्याच्यामागे जागा होते, ती ऑइलनं भरते आणि डबीतली पातळी खाली जाते. म्हणून लाल दिवा लागतो. तो दिवाही हेच सांगत असतो, की पॅड तरी संपत आलेत किंवा कुठे गळती तरी आहे. पॅड न बघता नुसतं ऑइल ओतलं की दिवा विझतो. म्हणजे गाडीनं मला दोन वेळा, दोन वेगळ्या भाषांत सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा तिचं तोंड बंद केलं गेलं होतं. पैसे मी दिले होते.

त्याच्या पोरानं बाइकवरून खेडला जाऊन पॅड आणि थाळ्या आणल्या. दोन्ही बाजूंच्या. ब्रेकचं काम नेहमी जोडीनं करायचं, नाहीतर गाडी दाबताना एकीकडे ओढते. सगळं मिळून सहा हजारांच्या घरात गेलं. वेळेवर केलं असतं तर थाळ्या वाचल्या असत्या आणि तिसऱ्या हिश्श्यात भागलं असतं. रात्री साडेनऊला त्यानं हात धुतले. मी म्हटलं, "तुम्हाला फार उशीर केला." तो म्हणाला, "उद्या तुमची ईद आणि माझी एकादशी. दोघांनाही आजच मोकळं व्हायला हवं." त्या वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या होत्या, हे मला त्याच्या तोंडून ऐकल्यावर आठवलं.

गावी पोचल्यावर अम्मीनं अब्बांची एक गोष्ट सांगितली. गाडी डेपोत लावताना ड्रायव्हरनं बिघाड कागदावर लिहून द्यायचा असे. बरेच जण लिहायचे, "ब्रेक बघणे". अब्बा लिहायचे, "उतारावर गाडी गरम झाल्यावर डाव्या पुढच्या चाकात घासल्याचा आवाज, पेडल दाबल्यावरच." लोक चिडवायचे, बिघाड लिहितोस की खत लिहितोस? पण त्यांची गाडी लवकर दुरुस्त होऊन यायची, कारण मेकॅनिकला शोधायला कमी लागायचं. ही गोष्ट मी आधीही ऐकली असेन. घाटातून उतरून आल्यावर ती वेगळी ऐकू आली.

परत आल्यावर मी या आवाजांबद्दल मिळेल ते वाचलं. एक जुनी हकीकत माझ्या मनात राहिली. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज अभियंत्यानं १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यानं थाळीला चिमटणाऱ्या जबड्यांना तांबं लावलं होतं. ब्रेक लागायचा, पण धातूवर धातू घासून असा किंचाळायचा की लोकांना सहन होईना. मग हर्बर्ट फ्रूड या दुसऱ्या इंग्रजानं त्या जागी ॲस्बेस्टॉसचं अस्तर वापरलं. आवाज गेला, ब्रेक टिकाऊ झाले, आणि पुढची कित्येक दशकं जगभर ब्रेकच्या मसाल्यात ॲस्बेस्टॉस राहिलं. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि कर्करोग होतो, हे जगानं मान्य करेपर्यंत फार उशीर झाला. ब्रिटनमध्ये त्यावर बंदी आली १९९९ साली. म्हणजे गाडीत बसणाऱ्याचे कान वाचले, आणि त्याची किंमत कारखान्यात आणि गॅरेजात काम करणाऱ्यांनी मोजली. आजही ब्रेकची काळी धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं फुंकणारी पोरं मी बघतो. ती फुंकायची नसते. मसाला कसलाही असो, ओल्या फडक्यानं पुसायची असते.

तेव्हापासून मला आवाज वेगवेगळे ऐकू यायला लागले. सकाळचा पहिल्या दोन ब्रेकचा खर्रर्र, तो गंज. पेडलशी काही संबंध नसलेला, सतत खरखरणारा, तो बहुधा थाळी आणि तिच्यामागच्या पत्र्यात अडकलेला खडा. आमच्या रस्त्यांवर खडीला तोटा नाही. ब्रेक मारताना पेडल आणि स्टिअरिंग थरथरतं, म्हणजे थाळीची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. गाडी पुढे-मागे घेताना एकच ठोका, टक, म्हणजे पॅड किंवा कॅलिपर ढिला, नाहीतर खालचा बुश गेलेला. मागून येणारा कुईं, तो ड्रममध्ये साचलेल्या धुळीचा किंवा कडक झालेल्या लायनरचा. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की पुढे थोडा वेळ हलका ब्रेक मारत सावकाश जायचं, म्हणजे लायनर सुकतात. ड्रम ब्रेकच्या स्कूटरला मागच्या चाकापाशी एक छोटा बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोचला की लायनर संपले. स्कूटर चालवणाऱ्या कितीतरी मित्रांना मी तो बाण दाखवला. वर्षानुवर्षं चालवूनही तो त्यांनी पाहिला नव्हता.

यातलं काही ओळखता आलं नाही तरी चालतं. कधी येतो, कुठून येतो, दाबल्यावर की सोडल्यावर, एवढं सांगता आलं तरी मिस्त्रीचं निम्मं काम होतं. आणि सांगताना "आवाज बंद करा" असं म्हणायचं नाही. "आवाज कशाचा आहे ते सांगा" असं म्हणायचं.

रिक्षा, टॅक्सी, ट्रक यांना ठरावीक काळानं फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी. खासगी गाडीला मात्र नोंदणीनंतर पंधरा वर्षं कोणी तपासायला बोलावत नाही. तोवर तिचा तपासनीस मालकच. तवक्कुलबद्दल आपण लहानपणापासून ऐकत आलोय, की उंट आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर सोडायचं. त्या दिवशी अम्मीनं दुआ केली होती, तिच्या वाट्याचं तिनं केलं. उंट बांधायचं काम माझं होतं. मागच्या सीटवर झोपलेली दोन मुलं माझ्याकडे अमानत होती, आणि मी त्यांना लोखंडाच्या पाटीवर कशेडी उतरवत होतो.

हे सगळं मी फार शहाणपणानं सांगतोय असं वाटायला नको, म्हणून एक शेवटचं. गेल्या महिन्यात स्टेशनवरून शेअर रिक्षानं घरी येत होतो. दर ब्रेकला मागून करकर. मी पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बसलो होतो, राहवलं नाही. विचारलं, "भाऊ, हा थंड असतानाही येतो का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. पंचविशीचा पोरगा. म्हणाला, "दोन्ही वेळा येतो. लायनर गेलेत. मला माहितीये." मग गिअर बदलत म्हणाला, "काम करायचं तर अर्धा दिवस गाडी उभी. पाच तारखेला हप्ता आहे. तो गेला की टाकतो."

मी गप्प झालो. कशेडीच्या आधी मीही हेच म्हणत होतो, फक्त हप्त्याच्या जागी ईद होती. त्याला आवाज ऐकू येत नव्हता असं नाही. त्याच्याकडे अर्धा दिवस नव्हता. उतरताना मी एवढंच म्हटलं, "पट्टी वाकवून देतो म्हणाला कोणी, तर देऊ नकोस." त्याच्या रिक्षात तसली पट्टी नसते, हे माझ्या घराच्या जिन्यात लक्षात आलं.

सहा तारखेला तो पुन्हा स्टँडवर दिसला. मुद्दाम त्याच्याच रिक्षात बसलो. फाटकापाशी ब्रेक लागला. मी कान दिला. आवाज नव्हता. पण आता नुसता आवाज नाही म्हणून माझं समाधान होत नाही. मी विचारलं, "टाकले?"

तो म्हणाला, "टाकले. काल." आणि खिशातून लायनरचं बिल काढून दाखवलं.